उद्घाटनाला लोक येतात, पण चित्रं बघतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: नंदुरबारला आठ-दहा स्थानिक चित्रकार मिळून एका सार्वजनिक हॉलमध्ये प्रदर्शन भरवताहेत, तर उद्घाटनाची संध्याकाळ कशी आखावी, आणि मुळात लोक येतील का?

लोक येतील, ती काळजी सोडा. खान्देशात बोलावणं गेलं की माणूस येतोच. आलेला माणूस भिंतीकडे वळतो की नाही, याची काळजी करा.

मी चित्रकार नाही. धुळ्यात माझं फ्रेमचं दुकान आहे. धंदा चालतो तो देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि वारलेल्या माणसांच्या फोटोंवर. मधूनच कुणीतरी हाताने काढलेलं चित्र घेऊन येतं. ड्रॉइंगचे सर, बँकेतले एक कॅशिअर, फ्लेक्स आल्यावर काम गेलेला एक बोर्ड पेंटर. त्यांच्या चित्रांना पट्ट्या मारता मारता मी या भानगडीत ओढला गेलो. आतापर्यंत चार प्रदर्शनं झाली. पहिलं पार फसलं, म्हणून त्याचंच आधी सांगतो.

आम्ही हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मांडल्या. समोर स्टेज, मागे बॅनर, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो. चित्रकारांची नावं खाली बारीक अक्षरात. खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि बसला की स्टेजकडे तोंड करून बसतो. तीन भिंतींवर चित्रं आणि सगळा गाव चौथ्या भिंतीकडे बघतोय, असा तो देखावा होता. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. मंडपवाल्याचाही सत्कार झाला. माझाही झाला, शाल अजून कपाटात आहे. मग भाषण. आपल्याकडे कलेवर बोलायला उठलेला माणूस अजिंठ्यापासून सुरुवात करतो, आसोद्याच्या बहिणाबाईंकडे वळतो, बालकवी जिथे रेल्वेखाली गेले त्या भादली स्टेशनापर्यंत पोचतो आणि भिंतीवरच्या चित्रांपर्यंत येतच नाही. साडेनऊला आभार झाले. लोकांनी चपला शोधल्या आणि घरी गेले. बोर्ड पेंटर काका इस्त्रीचा शर्ट घालून तीन तास दाराशी उभे होते. त्यांचं चित्र कुणी पाहिलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या वर्षी खुर्च्याच काढून टाकल्या. म्हाताऱ्या माणसांसाठी दहा-बारा ठेवल्या, त्याही हॉलच्या मधोमध, पाठीला पाठ लावून, भिंतींकडे तोंड करून. स्टेज नाही. दारातच समई लावली. पाहुणे म्हणून आमच्यातल्या तिघांना शाळेत चित्रकला शिकवलेल्या निवृत्त बाईंना बोलावलं. त्या चार वाक्यं बोलल्या आणि म्हणाल्या, चला, दाखवा आता. सहा पंचवीसला उद्घाटन संपलं होतं. काही मंडळी रुसली, सत्कार राहिले म्हणून. रुसू द्या.

त्या संध्याकाळी पेंटर काकांना आम्ही हाताला धरून त्यांच्या चित्राशेजारी उभं केलं. पांझरेकाठची जुनी गल्ली होती ती, मातीची घरं, एका दारासमोर शेणाने सारवलेला ओटा. त्यांच्याच शेजारची एक आजी नातवाबरोबर आली होती. चित्रासमोर थांबली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि एकदम म्हणाली, “ओ भाऊ, हाऊ ते आमना वट्टा शे ना!” काका म्हणाले, “हा माय, तुमनाच शे.” मग ती कुठला खांब चुकलाय, दार कुठल्या बाजूला होतं, त्या ओट्यावर कोण कोण बसायचं, हे सगळं मोठ्याने सांगायला लागली. तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. प्रमाण मराठीत “या कलाकृतीबद्दल आपलं मत काय?” असं विचारलं असतं तर ती “छान आहे” म्हणून पुढे सरकली असती. चित्रकारांना सांगून ठेवा, समोरचा ज्या बोलीत बोलतो तिच्यात बोला. अहिराणी असो, भिली असो, पावरी असो.

तुमच्यातला एखादा म्हणेल की चित्राजवळ उभं राहणं म्हणजे दुकानदारी, चित्र स्वतः बोलतं. तो हमखास केकी मूसांचं नाव घेईल. चाळीसगावचा हा माणूस जवळजवळ अर्धं शतक घराबाहेर पडलाच नाही म्हणा, घरातल्या टेबलावर मांडणी करून फोटो काढले आणि देशाबाहेर नाव कमावलं. १९८९ साली ते गेले, त्यांच्या घराचं कलादालन झालंय, सगळ्यांना घेऊन एकदा जाऊन या. पण आपण केकी मूस नाही. आणि त्यांच्याकडेही लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे, दार वाजवायचे. आपल्या दाराशी अजून कुणी आलेलं नाही.

बोलावण्याचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं कार्ड कुणी मोजत नाही. लग्नाची पत्रिका देतात तसं घरी जाऊन द्या. एकेका चित्रकाराने वीस घरं घेतली तरी तुमची दीडशे-दोनशे घरं होतात. तारीख मात्र बघून. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन ४४-४५ अंशांना जातं, त्या दिवसांत हॉलमध्ये कुणी थांबत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नको. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी तर चुकूनही नको, त्या दिवशी सुरत-पुण्याहून माणसं घरी येतात ती रोट खायला.

आता माझ्या धंद्यातलं थोडं, कारण इथे सगळे घाई करतात. हॉलवाले भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत. मग वर लोखंडी पाइप बांधून तंगूसने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, चित्रं टांगायची. तंगूसची साधी गाठ वजनाने सरकते. पहिल्या वर्षी उद्घाटनाच्या अर्धा तास आधी एक जलरंग काचेसकट खाली आला. चित्र वाचलं, पण काचा वेचताना माझी दोन बोटं कापली. दुहेरी गाठ मारून टोकावर लायटरने गोळी करा, आणि प्रत्येक फ्रेमला दोन कड्या, दोन तंगूस. एका कडीवरचं चित्र पंख्याच्या वाऱ्याने तिरकं होतं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा, चित्र लहान असो की मोठं. आपल्याकडे देवाची तसबीर उंच लावायची सवय, त्यामुळे सगळे पहिल्या झटक्यात चित्रं छताला नेऊन भिडवतात. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर कड्या फ्रेमच्या वरच्या टोकाला न लावता वरून एक तृतीयांश खाली लावा. चित्र वरून जरासं पुढे झुकतं आणि चमक जमिनीकडे जाते. तैलरंगवाल्यांना मात्र आधीच दम द्या. आमच्याकडे एकाने चार दिवसांपूर्वी संपवलेला कॅनव्हास आणला आणि एका वहिनींच्या पांढऱ्या पदराला निळं आभाळ लागलं. ड्रायक्लिनिंगचे पैसे आम्ही वर्गणीतून दिले.

चहा द्या, कोरडं बिस्कीट द्या, तेही व्हरांड्यात. एवढे लोक आलेत म्हणून कुणी हौसेने भरीत-पुरी ठेवायला निघेल, त्याला थांबवा. माऊंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, तेलकट बोट पडलं की ते कुठल्याच खोडरबराने निघत नाही, माऊंट बदलावा लागतो. भरीत सगळं आवरल्यावर, फक्त तुम्ही आठ-दहा जण, हॉलला कुलूप लावून.

किंमत. चित्रकार लाजतात आणि चित्राखालच्या नावाच्या पट्टीवर काहीच लिहीत नाहीत, किंवा “चौकशी करावी” लिहितात. चौकशी कुणी करत नाही, प्रत्येक जण मनात लाखाचा आकडा धरून पुढे जातो. सरळ आकडा लिहा, आणि फ्रेमसकट की फ्रेमशिवाय तेही. आमच्याकडे दीड हजारापासून बारा हजारांपर्यंत होत्या. “हाई कितलाले शे?” असं विचारणारा माणूस टिंगल करत नसतो, त्याला दिवाणखान्यातली भिंत आठवलेली असते. निम्मे पैसे त्याच वेळी घ्या, विकलं गेल्याची खूण म्हणून पट्टीवर लाल टिकली लावा, आणि चित्र शेवटच्या दिवसापर्यंत काढू नका. टिकली बघून दुसरे विचारायला लागतात. दुसऱ्या वर्षी आमची पाच चित्रं गेली. ओट्याचं चित्र आजीच्या नातवाने घेतलं, दोन हप्त्यांत.

अभिप्रायाची वही ठेवा, पण पेन दोरीने बांधून.

आणि एक विनंती. तिकडचा जो कोणी फ्रेमवाला असेल त्याच्याकडे पंधरा दिवस आधी चित्रं टाका. फ्रेमची पट्टी ४५ अंशांत कापून, कोपरे जोडून, डिंक वाळायला वेळ लागतो, आणि लग्नसराईत त्याच्याकडे फोटोंची रांग असते. आदल्या रात्री दहाला शटर वाजवू नका. वाजवालच म्हणा, आमच्याकडे ड्रॉइंगचे सर चारही वर्षं आदल्या रात्रीच आलेत.