स्टॉप लॉस लावूनही शेअर का विकला गेला नाही?

प्रश्न : ५१० रुपयांनी घेतलेल्या १०० शेअर्सना सकाळी ४८० चा ट्रिगर आणि ४७८ ची लिमिट टाकून स्टॉप लॉस (भाव पडल्यास तोटा आवरण्यासाठी आधीच लावून ठेवलेली विक्रीची ऑर्डर) लावला. दुपारी तिमाही निकाल येताच भाव ४८२ वरून थेट ४६९ वर आला, पण शेअर विकले गेले नाहीत. ही ब्रोकरची चूक का?

उत्तर : नाही. तुम्ही जे सांगितलंत तेच ऑर्डरने केलं. ट्रिगर हा फक्त चाप आहे. ४८० किंवा त्याखाली सौदा झाला की तोवर बाजूला थांबलेली ऑर्डर विक्रीच्या रांगेत जाते. लिमिट म्हणजे 'याहून पाच पैसेही कमी नकोत'. खरेदीदार ४६९ देत होते, तुम्ही ४७८ मागत होतात. सौदा होणार कसा? ऑर्डर बुक उघडून पाहा, 'ट्रिगर पेंडिंग'च्या जागी 'ओपन' दिसेल. तसं दिसताच ऑर्डर मॉडिफाय करून लिमिट खाली आणायची असते.

पुढच्या वेळी दोन्ही भावांत अंतर ठेवा. ट्रिगर ४८०, लिमिट ४६५ असती तर ४६९ ला विक्री होऊन ४,१०० रुपयांच्या तोट्यावर सुटका झाली असती. लिमिट ४६५ टाकली म्हणजे ४६५ लाच विकलं जाईल ही भीती बाळगू नका. रांगेतली सर्वात चढी बोली आधी मिळते. एसएल-एम (स्टॉप लॉस मार्केट) प्रकारात लिमिटच नसते, त्यामुळे विक्री जवळपास नक्की, भाव मात्र मिळेल तो. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये तो फार महागात पडतो. आणि लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवशीच्या सर्वात खालच्या मर्यादेला टेकला, घेणारा कोणीच नसला, तर यातलं काहीच चालत नाही.

साधा स्टॉप लॉस साडेतीनला बाजार बंद होताच रद्द होतो. रोज नव्याने लावा.

प्रश्न : रेकॉर्ड डेटलाच (ज्या दिवशी शेअर नावावर असणाऱ्यांना लाभांश मिळतो तो दिवस) शेअर घेतला, तरी लाभांश आला नाही.

उत्तर : येणार नाही. आपल्याकडे सौदा टी+१ ने, म्हणजे सौद्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी, पुरा होतो. रेकॉर्ड डेट शुक्रवारी असेल आणि मध्ये सुट्टी नसेल, तर गुरुवारपर्यंत खरेदी हवी. शुक्रवारी घेतलेला शेअर सोमवारी डिमॅटमध्ये येतो. मात्र केवळ लाभांशासाठी धावपळ करू नका : एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) भाव साधारण तेवढाच उतरतो, आणि लाभांशावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो तो वेगळाच.