लिथियम चालू असताना दाढ काढायची तर

प्रश्न : माझ्या यजमानांना बायपोलर आजार (मन कधी अति उत्साही, कधी अति उदास होण्याचा मानसिक आजार) आहे. त्यासाठी लिथियम आणि क्वेटियापिन ही औषधे चालू आहेत, तब्येत स्थिर आहे. आता किडलेली दाढ काढायची आहे. लिथियम थांबवावे का? दातांच्या डॉक्टरांना आजाराविषयी सांगायला ते तयार नाहीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : लिथियम मनाने एक दिवसही बंद करू नका. दाढ काढण्यापेक्षा काळजी आहे ती नंतरच्या वेदनाशामक गोळीची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे मंदावते आणि काही दिवसांत रक्तातली पातळी चढते. ही पातळी सहसा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी लागते; १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. फसगत होते ती जोडगोळ्यांत. दुकानदार ‘पॅरासिटॅमॉलच आहे’ म्हणून देतो, पण त्यातच एसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिसळलेले असते. पाकिटावरचे घटक वाचूनच घ्या. नुसते पॅरासिटॅमॉल चालते : ५०० ते १००० मि.ग्रॅ., दोन वेळांमध्ये निदान सहा तासांचे अंतर; यकृताचा त्रास असल्यास आधी विचारा. दातांसाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोलही लिथियम वाढवू शकते, त्यामुळे अँटिबायोटिक ठरवताना मानसोपचारतज्ज्ञांना फोन व्हायलाच हवा.

दाढ दुखते म्हणून खाणेपिणे सोडले तरी पातळी वाढते. पातळ भात, ताक, पाणी चालू ठेवा. हात जोराने थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल गेला, बोलणे जड झाले तर लिथियमची पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा.

म्हणूनच दंतवैद्यांपासून औषधे लपवणे धोक्याचे आहे. आजाराविषयी बोलणे जड जात असेल तर औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी द्या, तेवढ्याने काम होईल. क्वेटियापिनमुळे एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो. खुर्ची सरळ झाल्यावर दोन मिनिटे बसूनच उठावे.

प्रश्न : लिथियम, क्वेटियापिनसारख्या औषधांनी तोंड सतत कोरडे पडते. दात किडतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, लाळ कमी झाली की कीड वेगाने लागते, विशेषतः हिरड्यांलगत. तहान भागवायला गोड चहा, सरबत, लिमलेटच्या गोळ्या नकोत. साधे पाणी घोट-घोट प्या, बिनसाखरेचे च्युइंगम चघळा. १००० ते १४५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट वापरा. झोपताना ब्रश झाल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका.