कोणती ओळ?

दांडिया बाजार, बडोदा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा निरोप आला, ‘मावशी, मी कविता काढून टाकली.’ सकाळी चहा घेताना पाहिलं तर आपल्या कवितांच्या ग्रुपवर तिच्या जागी मेसेज काढून टाकल्याची पाटी तेवढी उरलेली. बरं झालं, मी ती आधीच वहीत उतरवून घेतली होती. चाळीस मिनिटांत दोन फुलं आणि एक जोडलेले हात, आणि तुझ्यानंतर आलेल्या पावसाच्या कवितेवर ‘अप्रतिम’चा नुसता वर्षाव. तुला लागलं. लागणारच. कविता दाखवणं म्हणजे कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं असतं, आणि दार उघडलं नाही की माणूस खट्टू होतो. फोन करणार होते, पण फोनवर तू मध्येच ‘जाऊ दे ना मावशी’ म्हणून विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे.

आधी एक विचारते, रागावू नकोस. त्याच आठवड्यात आपल्यातल्या एका मुलानं २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरावर कविता टाकली. विश्वामित्री नदी शहरात शिरली होती तेव्हाची. तू तिच्यावर लिहिलंस, ‘अप्रतिम! शब्दच नाहीत.’ मी वेळ पाहिली. कविता आली नऊ बाराला आणि तुझं उत्तरही नऊ बाराचंच. तू ती वाचली होतीस का गं?

आता माझ्याबरोबर वाच.

पाणी ओसरलं. भिंतीवर राहिली
कमरेइतकी एक मातकट रेघ.
आई रोज तिच्यावरून ओला फडका फिरवते
आणि घरात बसून राहते, चपला घालून.
काळाच्या या अथांग प्रवाहात
आपण सारेच वाहत जाणारी पानं.

सगळ्यांनी उचलून धरलं ते शेवटच्या दोन ओळींना. तिघांनी तर त्याच परत लिहून खाली हात जोडले. मी थांबले ते चपलांपाशी. आपल्याकडे घरात चपला कोण घालतं? पाणी जाऊन किती दिवस झाले, पण या बाईचं मन अजून पळायच्या तयारीत बसलेलं आहे. तिच्या पायांकडे पाहिलं की पूर कळतो. त्यानंतर एकदम काळ, प्रवाह, पानं. आणि मला त्याची आई दिसेनाशी झाली. मी त्याला वेगळा निरोप पाठवून एवढंच कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. म्हणाला, ‘काकू, आई खरंच आठ दिवस चपला काढत नव्हती. मला वाटलं, हे फार साधं होतंय, म्हणून शेवट घातला.’ त्या दोन ओळी त्यानं अजून काढलेल्या नाहीत. काढाव्यात की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं. पण चपलांची ओळ कुणीतरी पाहिली, हे त्याला कळलं.

तुला मी हेच सांगणार आहे. तुझ्या कवितेला दाद मिळावी असं वाटत असेल तर आधी दाद द्यायला शीक. आपण त्या शहरात राहतो जिथं फैयाज खाँसाहेब दरबारगायक होते, जिथं मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. माझे वडील बैठकींना जायचे आणि मला बरोबर न्यायचे. कळायचं काही नाही, मी माणसांकडे बघत बसायचे. कुठल्याही जागेला मान हलवणारा माणूस वडिलांना आवडत नसे. गवई समेवर आला की ज्याच्या तोंडून आपसूक ‘आहा’ निघायचं, त्याच्याकडे बोट करून ते सांगायचे, ‘हा ऐकतोय बघ.’ दाद जागेवर पडते. गझल म्हणणारे लोकही तेच मानतात. ऐकणारा नेमका तोच मिसरा, म्हणजे तीच ओळ, पुन्हा म्हणायला लावतो. ग्रुपवरची फुलं सगळ्या कवितेवर एकदम पडतात, कुठल्याच ओळीवर पडत नाहीत. ती देणाऱ्याचं मन चांगलं असतं, यात मला शंका नाही. पण लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

म्हणून कुणाचीही कविता आली की फोन खाली ठेव. मोठ्यानं एकदा वाच, मनात एकदा वाच. डोळे मिटल्यावर कोणती ओळ उरते ते बघ आणि त्या माणसाला ती ओळ कळव. कुठलीच उरली नाही तर काही लिहू नकोस. आणि खटकलं असेल ते? ते नंतर, एकच, आणि चारचौघांत नाही. हे मी कशावरून म्हणते, तेही ऐक. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही पाचसहा जण शनिवारी संध्याकाळी आमच्या माडीवर जमायचो. मी सव्वीस वर्षांची होते, वृत्तांचा नुकताच नाद लागलेला, आणि सगळ्यांत जास्त मला कळतं असा समज. एके दिवशी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. पत्नी वारली होती, तिच्यावर लिहिलेलं त्यांनी वाचलं. ओळी लडखडत होत्या. त्यांचं वाचून होताच मी सगळ्यांसमोर बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. इथे दोन जास्त, इथे एक कमी. ते ऐकत राहिले, कागदाची चार घड्यांची घडी करून खिशात ठेवली, चहा घेतला, ‘येतो’ म्हणाले. परत आले नाहीत. पुढे त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. माझं मोजणं बरोबर होतं. त्या कवितेत एक ओळ होती: सकाळी मी अजूनही दोन बादल्या पाणी तापवतो. चाळीस वर्षं झाली, ती ओळ मला पाठ आहे. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि हेच तेवढं मी त्यांना सांगितलं नाही. आधी हे सांगितलं असतं तर मात्रांचं त्यांनी नंतर आपण होऊन विचारलं असतं. आता सांगायला ते नाहीत.

तेव्हा तू मात्रा मोजू नकोस असं मी म्हणत नाही. मोजायच्याच. तुझ्या कवितेच्या बाबतीत तर न मोजल्यानं नुकसान झालं आहे, त्याकडे येते.

तुझ्या पहिल्या दोन ओळी होत्या:

अगाशीत आजी उभी एकटी ती
पतंगाविना दोर हातात घेते

वाचताक्षणी मी उठून खिडकीशी गेले. उत्तरायणाची संध्याकाळ, सगळे खाली उतरलेले, शेजारच्या धाब्यांवरचे, पतंग कापल्यावरचे ‘कायपो छे’चे ओरडे थांबलेले, आणि आजी दोर धरून उभी. आजोबा पतंग उडवायचे हे तू कुठंही लिहिलेलं नाहीस आणि मला ते कळलं. मग पुण्याकडच्या एका जाणकारांनी विचारलं, ‘अगाशी म्हणजे काय? मराठीत गच्ची म्हणतात.’ आणि तू अर्ध्या तासात ओळ बदललीस: गच्चीवरी आजी उभी एकटी ती.

बाळ, ही ओळ म्हणून बघ. तुझी कविता भुजंगप्रयातात आहे, हे तुला ठाऊक होतं की ते आपोआप झालं? मनाच्या श्लोकांची चाल घरात ऐकलेल्या मुलाच्या कानात ते वृत्त बसलेलंच असतं. लगागा लगागा लगागा लगागा; ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू. प्रत्येक गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, लघूनं उघडतो. अगाशी: ल-गा-गा, पाऊल अलगद पुढं पडतं. गच्ची: गा-गा, दारातच ठेच लागते. अर्थाचं म्हणशील तर गच्ची बरोबरच आहे, पण बडोद्याच्या वाड्यांमध्ये उत्तरायणाला माणसं अगाशीत चढतात. तुझी आजी तिथंच उभी होती. तुझ्या तोंडात गुजरातीतून आलेले शब्द आहेत म्हणून तुझी मराठी उणी आहे, हे मनातून काढून टाक. विचारणाऱ्यांचं चुकलं असं नाही. त्यांना शब्द कळला नाही, त्यांनी विचारलं. त्यांना अर्थ सांगायचा आणि ओळ तशीच ठेवायची, एवढंच करायचं होतं.

इथं मला माधव ज्युलियनांची आठवण येते. ते याच शहरात जन्मले, १८९४ साली. फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवताना त्यांनी फारसी शब्द भरभरून वापरले, आणि पुढं तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. शब्द कुठला, आपला की परका, यावर इतका विचार केलेल्या माणसाचंही मत आयुष्यात असं बदललं. तेव्हा एका रात्रीत, एका प्रश्नावरून तू तुझा शब्द देऊन टाकू नकोस. वृत्तांसाठी मात्र त्यांची ‘छंदोरचना’ उघडून बस, माझ्याकडे आहे. पाठ करायला नव्हे. आपण कानानं जे करतो त्याला नाव काय, ते कळायला.

आणि त्यांच्याबद्दलचं दुसरं म्हणजे रविकिरण मंडळ. १९२३च्या सुमारास पुण्यात हे लोक रविवारी चहाला जमायचे आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. ज्युलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे; सगळे मिळून सातआठ माणसं. (यशवंत पुढं आपल्या बडोदे संस्थानचे राजकवी झाले.) सातआठ, हा आकडा लक्षात ठेव. आपल्या ग्रुपवर दोनशे चाळीस आहेत. दोनशे चाळीस माणसांना रोज पंधरा कविता नीट वाचणं शक्यच नाही, म्हणून फुलं पाठवली जातात. यात कुणाची लबाडी नाही, वेळ पुरत नाही एवढंच. तू ग्रुप सोडू नकोस. तिथं तुला भुसावळचा, बेळगावचा, इंदूरचा माणूस भेटतो. आम्हाला माडीवर तेच पाचसहा चेहरे असायचे, बाहेरचं काही ऐकायचं तर मासिकाला कविता पाठवून तीन महिने ‘साभार परत’ची वाट बघायची. पण त्या दोनशे चाळिसांतून चौघं निवड. पुराच्या कवितेचा मुलगा एक. ज्यांनी तुला कधीतरी प्रश्न विचारला, त्यांच्यातला एक. हवं तर अगाशीबद्दल विचारणारे तेच गृहस्थ, मला तर ते बरे वाटतात. पंधरा दिवसांत प्रत्येकानं एक कविता द्यायची आणि बाकीच्यांनी दोन दिवसांनी उत्तर द्यायचं. आधी नाही.

काही बारीकसारीक. नवी कविता निदान चार दिवस वहीत राहू दे. रात्री अकरानंतर तर काहीच पाठवू नकोस, त्या वेळेला आपल्याला आपलं सगळंच आवडतं. प्रत्येक खर्डा जप, आता गच्चीच्या नादात अगाशी हरवली असती. कवितेखाली नाव घाल. माझी एक कविता मलाच ‘कवी अज्ञात’ म्हणून परत आली होती, तेव्हा वाईट वाटलं. आणि कुणी टीका केली तर त्या रात्री उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा ‘बघते’ एवढंच लिहावंसं वाटतं, आणि तेच योग्य असतं.

उत्तर आलंच नाही तर? ते मला सगळ्यांत अवघड वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. सहन करावं लागतं. मात्र तुझ्या कवितेवर आलेल्या त्या दोन फुलांपैकी एक ज्या बाईंचं आहे, त्यांनी आजवर कुणालाच फूल पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. तू त्यांना विचारलंस का, कुठली ओळ आवडली? विचार. कदाचित त्यांना लिहिता येत नसेल नीट, सांगता येईल.

आता तुझ्या ओळीतलं माझं एक. एकच, आणि खाजगीत. ‘उभी एकटी ती’ मधला ‘ती’ भरीचा आहे. गण पुरा करायला आलेला. आजी म्हटल्यावर पुन्हा ‘ती’ कशाला? काढलास तर एक गुरू कमी पडतो, हे खरं. म्हणून त्याच्या जागी दुसरं अक्षर शोधत बसण्याआधी मागच्या शब्दाकडे बघ. पुढच्या ओळीत पतंग नसलेला दोर तिच्या हातात आहे. मग ‘एकटी’ सांगायची गरज आहे का?

शनिवारी सहानंतर ये. कविता फोनमध्ये नको, कागदावर उतरवून आण, दोन ओळींत जागा सोडून. पुराच्या कवितेच्या मुलालाही बोलावलं आहे. येताना खंडेराव मार्केटवरून आलीस तर थोडी कोथिंबीर आण, वड्या करते.

तुझी,
मावशी