काजूचे पैसे कुणाचे?

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा झिल अंगण झाडायचे दहा रुपये मागतो, देऊ का, असं विचारलंस. नको देऊस. अंगण त्याचंही आहे. आणि घरच्या कामाला एकदा दर लावलास की आजीला तांब्याभर पाणी देतानाही हात पुढे येतो. माझ्या थोरल्याने केलंय ते. सासूबाई हसल्या, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमवायला शिकवूच नको असं नाही गो. ज्या कामाला आपण गडी लावला असता, ते त्याने केलं तर मोजून मजुरी दे. सुट्टीत काजूत पाठव. पडलेले बोंडू वेचायचे, बी पिळून काढायची, उन्हात घालायची. वेंगुर्ला-७ या कलमी जातीची बी साधारण १० ग्रॅम भरते, म्हणजे शंभरात किलो. आपल्या गावठी झाडांची बी बारकी, तेवढ्याच किलोला दुप्पट वाकावं लागतं. हे गणित त्याच्या कंबरेला कळू दे. ओलसर बी नेलीन तर दुकानदार हातात खुळखुळवून बघेल नि दर पाडेल. पाडू दे, मध्ये बोलू नकोस.

बी भाजायला-फोडायला मात्र बसवायचं नाही. टरफलातलं तेल लागलं की कातडी सोलवटते.

आता पैशांचं. मी लहान असताना मेभर वेचलेल्या बियांचे पैसे तुझ्या आजोबांनी कौलांसाठी घेतले, ‘नंतर देतो’ म्हणाले. कौलं चढली, पैसे काही आले नाहीत. मागायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी मी निम्मी बी परस्पर दुकानात घातली आणि बर्फाच्या कांड्या खाल्ल्या. घरात कुणाला पत्ता नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. तेव्हा त्याच्या पैशांना हात लावलासच, तर त्याच्यासमोर वहीत लिही, कधी देणार तेही लिही. यंदा त्याला १० पुरी होतात ना? मग पोस्टात ५०० रुपये भरून त्याच्या नावचं बचत खातं काढ, या वयापासून ते त्याला स्वतःला चालवता येतं. स्लिप त्यालाच भरू दे, दोन फुकट गेल्या तरी चालतील.

माझ्यासाठी दोन किलो बी बाजूला ठेवायला सांग त्याला. चांगली वाळलेली. दर बाजाराचाच देईन, आत्या म्हणून वर काही नाही.

तुझी,
आत्या