भोपळ्यातली म्हातारी कुणाकडे निघाली होती?

कॅनडातल्या कॅल्गरीहून एका मुलीचं पत्र आलंय, त्यात चार प्रश्न आहेत. बाकी तिन्हींची उत्तरं शेवटी दोन-दोन ओळींत देते, कारण मला बोलायचंय ते पहिल्याबद्दल. ती लिहिते:

"ताई, आई मार्चपासून सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) आमच्याकडे आहे. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला ती रोज रात्री भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगते. वाघ 'मी तुला खातो' म्हणाला की लेक घाबरते. परवा झोपेतून उठून रडली. इथल्या गोष्टी किती सौम्य असतात! आईला न दुखावता ही गोष्ट बंद कशी करू? (तशी आई हल्ली नीट जेवत नाही, पण विचारलं तर भूक नाही म्हणते.)"

बाळ, ते कंसातलं वाक्य मी तीनदा वाचलं. तू ते कंसात का टाकलंस?

आधी लेकीचं सांगते. सौम्य कसल्या? ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत चेटकीण पोराला शिजवून खायला निघते, आणि ती गोष्ट कॅनडातली मुलंही ऐकतातच. तेव्हा गोष्ट बंद करू नकोस. लेकीला वाघ होऊ दे. तिने डरकाळी फोडायची, आजीने उत्तर द्यायचं, मग दोघींनी मिळून पलंगावर टुणूक टुणूक. आठवड्याभरात भीती जाईल.

आता ती गोष्ट तू स्वतः ऐक. मी हे प्रत्येक पत्राला सांगते आणि सांगत राहणार, कारण आपण या गोष्टी मुलांच्या कानावर टाकून मोकळे होतो. म्हातारी वाघाला काय म्हणते? "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा." लेकीकडे गेलं की अंगावर मूठभर मांस चढणार, याची तिला इतकी खात्री आहे की त्या भरवशावर ती वाघाशी सौदा करते. आणि वाघालाही ते पटतं! आपल्याकडे येणाऱ्या आया मात्र कशा परत जातात?

माझी आई 2006 साली चिपळूणहून टोरांटोला आली, सहा महिने राहिली. परत गेली तेव्हा तिचं वजन चार किलो उतरलं होतं. मावशी तिला म्हणाली, "लेकीकडे गेली होतीस की उपासाला?" त्याचं कारण मला कळलं ते पुढच्या वर्षी, तेही मावशीकडून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने आमटीला फोडणी घातली आणि धुराचा अलार्म वाजला. मी ऑफिसातून फोनवर म्हणाले, "आई, राहू दे, मी आल्यावर करते." मी प्रेमानेच म्हणाले होते. पण त्या दिवसापासून तिने शेगडीला हात लावला नाही. दुपारी दूध-ब्रेड खायची आणि सहा वाजेपर्यंत खिडकीशी बसून माझी गाडी यायची वाट बघायची. मी रोज विचारायचे, "कसं चाललंय?" ती रोज म्हणायची, "छान." मीही त्या "छान"वर समाधान मानलं. हे आठवलं की आजही माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

गोष्टीतली लेक माझ्यापेक्षा शहाणी होती. म्हातारी परत निघते तेव्हा वाटेतल्या वाघाचं लेकीला सांगते. लेक "काही होत नाही गं, उगाच घाबरतेस" असं म्हणत नाही, आणि "मग जाऊच नकोस" असंही म्हणत नाही. आईला आपल्या घरी जायचंय हे ती मान्य करते आणि एक मोठा भोपळा शोधून आणते. पुढे जंगलात जे बोलायचं ते म्हातारीच बोलते: "म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक." पण वाघाची गोष्ट आईच्या तोंडून बाहेर पडेल असं घर लेकीने आधी करून ठेवलं होतं. तुझी आई तुला तिचे वाघ सांगते का?

आमच्या शेजारी एक इराणी बाई राहायच्या. एकदा बाकावर बसून मी त्यांना ही गोष्ट सांगायला लागले, तर पुढची त्यांनीच पुरी केली. त्यांच्याकडेही म्हातारी लेकीकडे जाते, लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात आणि परतताना ती भोपळ्यात बसून गडगडत येते. बंगालीत म्हातारी नातीकडे जाते आणि दुध्यातून परतते. इतक्या मुलखांतल्या आज्या हे एकच सांगत आल्यात, आणि आपण म्हणतो की गोष्ट पाच वर्षांच्या पोरीसाठी आहे.

सुपर व्हिसासाठी निदान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा तू काढला असशीलच, त्याशिवाय व्हिसा मिळत नाही. तो कागद आज काढ आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाच. आईला बीपी, साखर काही असेल तर ती भूक जाण्याबद्दल डॉक्टरकडे यायला का कचरत असेल, ते कदाचित तिथे सापडेल. खर्चाच्या धास्तीने आपले आईवडील दुखणी गिळतात. जेवण कमी झालंय तर या आठवड्यातच दाखव, तिला विचारत बसू नकोस.

बाकीचं. पंचतंत्र इंग्रजीत दिलं तर चालेल का? चालेल, पण निवडून दे. अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायला विष्णुशर्म्याने सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या. माकड-मगर आत्ता दे, सिंह आणि बैलाची दोस्ती तोडणारं दमनक कोल्ह्याचं कारस्थान नंतर. शनिवारच्या मराठी शाळेत घालावं का? घाल. नवरा गोष्टींच्या वेळी फोनवर असतो? त्याला वाघ करा.

आज रात्री लेकीच्या पलंगावर तूही बस आणि आईला गोष्ट सांगू दे. लेक झोपली की "कसं चाललंय" विचारू नकोस. "आज दुपारी काय खाल्लंस?" असं विचार, आणि ती सांगेपर्यंत तिथेच बस. उद्या सकाळी कामाला जाण्याआधी शेगडी कशी लावायची आणि फोडणीच्या आधी वरचा पंखा कुठून चालू करायचा, ते तिच्याच हाताने एकदा करून घे.