जुन्या पीसीवर बेंचमार्कचे आकडे दर वेळी वेगळे येतात, चूक प्रोग्रामची की यंत्राची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: इंटेलच्या ८०८८ पासून ४८६ प्रोसेसरपर्यंतच्या पीसींचा वेग मोजणारा एक छोटा डॉस प्रोग्राम तुम्ही लिहिलाय. इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, तो शहाण्या मुलासारखा वागतो. खऱ्या यंत्रांवर मात्र आकडा प्रत्येक खेपेला थोडा हलतो, आणि दोनदा तर चक्क ऋण वेळ आली.

ऋण वेळेचा दोष प्रोग्रामचाच, त्यात शंका नको. बाकीच्या हलण्यात दोघांचाही हात असू शकतो. पण यंत्राकडे बोट दाखवण्याआधी तुमचं घड्याळ तपासा. असाच प्रोग्राम लिहिताना मी बरेच दिवस मेमरीच्या चिपा काढण्या-घालण्यात घालवले होते, आणि चूक शेवटी निघाली टायमर वाचणाऱ्या चार ओळींत.

पीसीत वेळ कळायच्या जागा दोन. पहिली म्हणजे बायोसचा (यंत्रात कायमच्या बसवलेल्या मूळ प्रोग्रामचा) टिक काउंटर, पत्ता ००४०:००६सी. तो सेकंदाला १८.२ वेळा वाढतो, म्हणजे एक टिक जवळपास ५५ मिलिसेकंदांचा. एवढ्या जाड पट्टीने छोटी चाचणी मोजता येत नाही. दुसरी जागा म्हणजे ८२५३ टायमर चिप (आयबीएमच्या पीसी एटीपासून ८२५४). ती सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते, म्हणजे एक मोजणी ०.८३८ मायक्रोसेकंदाची. सगळे हिचाच आधार घेतात आणि बहुतेक सगळे इथेच पहिल्यांदा पडतात.

बायोस या चिपचं शून्य क्रमांकाचं चॅनल मोड ३ मध्ये सुरू करतो, आणि मोड ३ मध्ये काउंटर एकेकाने नाही, दोन-दोनने उतरतो. एका टिकमध्ये तो दोन फेऱ्या मारतो. तुम्ही तो सरळ वाचलात तर छोट्या चाचणीची वेळ बरोबर दुप्पट दिसते, आणि साडेसत्तावीस मिलिसेकंदांच्या पुढे गेलात तर कोणत्या फेरीत आहोत हेच कळत नाही. माझी चूक हीच होती. आकडे स्थिर होते, नीटस होते आणि दुप्पट होते. स्थिर आकडा खराही असेल असं वाटून मी बराच काळ फसलो. उपाय सोपा आहे: प्रोग्राम सुरू होताना ४३एच पोर्टवर ३४एच लिहा (शेवटचा एच म्हणजे आकडा सोळाच्या पायातला), मग ४०एच वर दोन वेळा शून्य. काउंटर मोड २ मध्ये जातो आणि एकेकाने उतरायला लागतो. टिकचा वेग तोच राहतो, त्यामुळे डॉसच्या घड्याळाला धक्का लागत नाही.

आता ऋण वेळ. तुम्ही बहुधा टिक आणि टायमरची मोजणी जोडून एक मोठा आकडा बनवत असणार. गोची अशी, की टायमर शून्यावर येऊन पुन्हा वरून सुरू होतो त्या क्षणी टिक वाढलेला नसतो. टिक वाढवतो इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा), आणि तो यायला थोडा वेळ जातो. तुम्ही इंटरप्ट बंद करून वाचत असाल तर तो येतच नाही, दारात ताटकळत राहतो. नेमकं त्या फटीत वाचन झालं की आकडा एक टिकने, म्हणजे ५५ मिलिसेकंदांनी, कमी येतो. चाचणी त्याहून छोटी असेल तर उत्तर ऋण. हे शेकडो वाचनांतून एखाद्याच वेळी होतं, म्हणून यंत्रात भूत असल्यासारखं वाटतं. यावर इलाज: इंटरप्ट बंद करा, टायमर लॅच करून (मोजणी गोठवून) वाचा, टिक वाचा, आणि मग २०एच पोर्टवर ०एएच लिहून तोच पोर्ट वाचा. शून्याव्या बिटवरून टायमरचा इंटरप्ट ताटकळलाय का ते कळतं. तो ताटकळलेला असेल आणि टायमरची मोजणी वरच्या अर्ध्यात असेल, तर टिकमध्ये एक मिळवा. तुमची चाचणी ५० मिलिसेकंदांच्या आत बसत असेल तर ही भानगडच नको. सुरुवातीला टायमर नव्याने भरा, इंटरप्ट बंद ठेवा, आणि नुसता टायमर वाचा.

(मध्यरात्रीही ऋण वेळ येऊ शकते. टिक काउंटर १५,७३,०४० वर पोचला की शून्य होतो. आपल्यासारखी माणसं हे उद्योग रात्रीच करतात, तेव्हा ही शक्यता वाटते तितकी दूरची नाही.)

घड्याळ नीट झालं हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक अशी चाचणी हवी जिचं उत्तर कागदावर आधीच काढता येईल. मूळ आयबीएम पीसी, १९८१ चा ५१५०, यासाठी देवानं धाडलेला आहे. त्यात एकच स्फटिक: १४.३१८१८ मेगाहर्ट्झ. त्याला ३ ने भागलं की प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ मिळतात, १२ ने भागलं की टायमरचा वेग. म्हणजे टायमरची एक मोजणी बरोबर प्रोसेसरच्या चार क्लॉकएवढी (क्लॉक म्हणजे त्याचा एक ठोका). आणि ८०८८ ला मेमरीतून एक बाइट आणायला लागतात चार क्लॉक. नॉप ही काहीच न करणारी, एका बाइटची सूचना आहे. ती पार पाडायला तीनच क्लॉक लागतात, पण पुढची नॉप यायला चार, त्यामुळे एकामागून एक नॉप ठेवल्या तर प्रत्येकीला चार पडतात. तात्पर्य, ओळीने १००० नॉप लिहिल्या तर टायमरवर जवळपास १००० मोजण्या उतरायला हव्यात. लूप लावू नका. उडी मारली की प्रीफेच क्यू (आधीच आणून ठेवलेल्या सूचनांची रांग) रिकामी होते आणि हिशेब बिघडतो. हजार बाइट सरळ ओतून ठेवा, आणि नॉप नसलेली रिकामी चाचणी वेगळी मोजून वजा करा.

अगदी १००० येणार नाहीत, थोड्या जास्त येतील. हा जास्तीचा भाग मेमरी रिफ्रेशचा, म्हणजे मेमरीतली माहिती पुसली जाऊ नये म्हणून तिला पुन्हा पुन्हा उजाळा देण्याचा. टायमरचं एक क्रमांकाचं चॅनल दर १८ मोजण्यांनी, म्हणजे ७२ क्लॉकांनी, डीएमएला (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी हाताळणाऱ्या भागाला) जागं करतं आणि तो किमान चार क्लॉक बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) अडवून धरतो. म्हणून ५१५० वर आकडा १००० ते ११०० च्या मध्ये हवा. दोन हजारांच्या आसपास आला तर मोड ३ चा घोटाळा अजून शिल्लक आहे. पाचशे-सहाशे आला तर समोर ४.७७ चा ८०८८ नाही, किंवा कुणी टर्बोचं बटण दाबून ठेवलंय.

हाच रिफ्रेश तुमच्या आकड्यांना थोडं हलवतोही. चाचणी सुरू होताना रिफ्रेश कोणत्या टप्प्यावर आहे हे दर वेळी वेगळं असतं, म्हणून एक-दोन मोजण्यांचा फरक खऱ्या यंत्रावर राहणारच. इम्युलेटरला हा प्रश्न बहुधा पडत नाही. तो दर वेळी त्याच स्थितीतून निघतो आणि रिफ्रेश मोजतोच असं नाही. एवढं डुलणं चालू द्या. त्याहून जास्त असेल तर टिकचा इंटरप्ट, माउसचा ड्रायव्हर किंवा मेमरीत ठाण मांडलेला दुसरा एखादा प्रोग्राम मध्ये घुसतोय. कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक फाइलींशिवाय यंत्र चालू करा. एमएस-डॉस ६ मध्ये सुरुवातीला एफ५ दाबलं की काम होतं. मी दहा वेळा मोजून सगळ्यात कमी वेळ नोंदवतो. सरासरी काढणारे मला पटत नाहीत. प्रोसेसर आपल्या वेगापेक्षा जोरात धावू शकत नाही, त्याला फक्त अडवता येतं. मग अडथळ्यांची सरासरी कशाला?

गुणाकाराची चाचणी ठेवली असेल तर एक जागा बघा: तुम्ही यादृच्छिक संख्या गुणताय का? ८०८८ ला १६ बिटी गुणाकाराला ११८ ते १३३ क्लॉक लागतात, आणि किती लागतील हे संख्येत एक किती आहेत यावर ठरतं. संख्या बदलल्या की वेळ बदलते. दोष ना तुमचा ना यंत्राचा. संख्या कायमच्या ठरवून टाका.

गुणाकारावरून आठवलं. माझ्याकडे एक एक्सटी क्लोन (आयबीएमच्या पीसी एक्सटीची नक्कल) आहे. नॉपची चाचणी त्यावर बरोबर हवी तिथे आली आणि गुणाकाराची भलतीच वेगवान. मी पुन्हा प्रोग्राम उकरायला बसलो. शेवटी झाकण उघडलं तर सॉकेटमध्ये ८०८८ ऐवजी एनईसीचा व्ही२० बसवलेला. पाय तेच, सूचना त्याच, पण गुणाकार-भागाकार तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळात. नॉपमध्ये तो पकडला गेला नाही कारण तिथे अडवणारी बस दोघांचीही सारखीच. नॉर्टन एसआय या वेग मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रामनं याच सापळ्यात पाय घातला होता. त्यात गुणाकार-भागाकाराचा भार जास्त, त्यामुळे व्ही२० घातलेलं यंत्र कागदावर होतं त्याहून बरंच चपळ दिसायचं. प्रोसेसर ओळखण्याची सोय प्रोग्राममध्ये घालाच. व्ही२० ला पकडायला एएडी सूचना चांगली: तिला १० सोडून दुसरा पाया दिला तरी व्ही२० मुकाट्याने १० च वापरतो, इंटेलचा प्रोसेसर दिलेला पाया वापरतो.

आणखी एक तपासा, कंपायलरला ८०८६ साठीच कोड बनवायला सांगितलंय ना? २८६ च्या सूचना चुकून शिरल्या तर ८०८८ तक्रार करत नाही. त्याच्याकडे चुकीच्या सूचनेसाठी इंटरप्टच नाही. ६०एच ते ६एफएच हे कोड तो ७०एच ते ७एफएच समजून चालवतो, म्हणजे पुशए या २८६ च्या सूचनेच्या जागी एक सशर्त उडी मारतो. कधी यंत्र अडकतं, कधी प्रोग्राम पार पडतो आणि उत्तर कचरा असतं. म्हणूनच प्रत्येक चाचणीने वेळेबरोबर आपलं उत्तरही तपासावं असं मला वाटतं. १९८१ मध्ये बाइट मासिकात आलेली मूळ संख्यांची चाळणी यासाठी अजूनही उपयोगी आहे. ८१९० च्या आकाराची ती चाळणी फिरली की १८९९ मूळ संख्या मिळायलाच हव्यात. १८९८ मिळाल्या तर वेळ किती लागली हे बघायचं कारणच उरत नाही.

४८६ वर अडचण उलटी. ३३ मेगाहर्ट्झच्या ४८६ ला कॅशमधून (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीतून) हजार नॉप पार पाडायला ३० मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे टायमरच्या जेमतेम ३६ मोजण्या. एका मोजणीची चूक म्हणजे जवळपास तीन टक्के. फेऱ्या वाढवाव्या लागतील, पण त्याच वेळी लक्षात ठेवा की प्रोसेसरच्या पोटात ८ किलोबाइट कॅश आहे. लहान चाचणी तिथेच फिरत राहते आणि बाहेरची मेमरी तिला दिसतही नाही. मेमरी मोजायची तर कॅशपेक्षा बराच मोठा तुकडा घ्या. त्याशिवाय मदरबोर्डवरचा कॅश बायोसमध्ये बंद केलेला असू शकतो, तेही पाहा. फेऱ्यांची संख्या आपोआप ठरवत असाल तर बेरीज-भागाकार ३२ बिटांत करा. टर्बो पास्कल या कंपायलरबरोबर येणाऱ्या सीआरटी युनिटनं (तयार कोडनं) हेच केलं नव्हतं. ते सुरुवातीला एका टिकमध्ये किती फेऱ्या होतात ते मोजून ५५ ने भागायचं. यंत्रं दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली, भागाकार १६ बिटांत मावेना, आणि चांगले चालणारे प्रोग्राम सुरू होताच रनटाइम एरर २०० देऊन मरायला लागले.

पडद्याची चाचणी पूर्ण वेगळी ठेवा. सीजीए कार्डाच्या (आयबीएमच्या जुन्या रंगीत पडद्याच्या कार्डाच्या) मेमरीला हात लावला की प्रोसेसरला थांबावं लागतं, किती थांबायचं हे कार्डाच्या त्या क्षणीच्या टप्प्यावर, आणि तो आकडा बाकीच्यांत मिसळला की सगळंच गढूळ होतं. निकालही एका गुणात देऊ नका. "एक्सटीच्या इतके पट" किंवा "इतक्या मेगाहर्ट्झच्या एटीएवढा" असं सांगायची तेव्हा पद्धत होती, पण त्यातून व्ही२० सारख्या गोष्टी लपतात. प्रत्येक चाचणीचे मायक्रोसेकंद छापा. टॉपबेंच हा प्रोग्राम असं करतो, तो एकदा चालवून बघा.

फ्लॉपीवरून प्रोग्राम नेत असाल तर १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये ३६० किलोबाइटची वापरलेली डिस्क पुन्हा लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, त्याने लिहिलेल्या रेघेच्या कडेला जुनी रेघ शिल्लक राहते, आणि एक्सटीचा ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचतो. खराब वाचलेला प्रोग्राम हाही "यंत्राचा दोष" म्हणून खपतो.

इम्युलेटरबद्दल: डॉसबॉक्सवरचा आकडा या कामाला धरू नका. तिथला सायकल्सचा आकडा हा सोयीसाठीचा वेग आहे, ८०८८ चे क्लॉक नव्हेत. २०१५ मध्ये ८०८८ एमपीएच हा डेमो (यंत्राची कमाल दाखवणारा प्रोग्राम) आला तेव्हा तो नीट चालवणारा इम्युलेटरच नव्हता, इतका तो बस आणि रिफ्रेशच्या नेमक्या वेळांवर बेतलेला होता. आता मार्टीपीसी ते करतो. तुमची नॉपची चाचणी आधी मार्टीपीसीवर चालवा, मग खऱ्या ४.७७ च्या यंत्रावर. दोन आकडे एक-दोन मोजण्यांच्या आत आले, की मग ४८६ बाहेर काढा.