आजीची चपाती आणि हिंगाची डबी

प्रिय ताई,
माझा मुलगा चार वर्षांचा. वर्षभर जुलाब, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. सात महिन्यांपूर्वी रक्ताची तपासणी आणि बायोप्सी करून सिलिअ‍ॅक हा गव्हामुळे आतडं बिघडवणारा आजार असल्याचं निदान झालं. गहू कायमचा बंद. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." गेल्या महिन्यात त्या त्याला दुधात चपाती कुस्करून भरवत होत्या, मी रंगेहाथ पकडलं. आता टीटीजीचा, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीचा, आकडा पूर्ण उतरलेला नाही, म्हणजे अजूनही चोरून देतच असणार. नवरा म्हणतो, "आई मुद्दाम करते का?" त्या मंगळवेढ्याच्या, बहात्तरच्या दुष्काळात मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन वाढलेल्या, त्यांना काय सांगायचं? वेगळं बिऱ्हाड करावंसं वाटतं.
— एक आई, पुणे

बिऱ्हाड बदलायच्या आधी फोडणीच्या हिंगाची डबी उचला आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बाजारातल्या बहुतेक हिंगात निव्वळ हिंग थोडाच असतो, बाकी भर असते आणि ती बऱ्याचदा गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची. तुमच्या आमटीत, लोणच्यात, पापडात सात महिने तोच हिंग पडत असेल, तर एकट्या सासूबाईंवर खटला चालवता येणार नाही. तांदळाच्या पिठाचा किंवा डिंकाचा हिंग मिळतो, तो आणा.

मग गिरणी. ज्वारी दळून आणता ना? तुमच्या डब्याआधी कुणाचे तरी गहू दळले असतील, तर जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्याच ज्वारीत उतरणार. घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही टाकू नका. ते जमण्यासारखं नसेल, तर ज्वारी निवडून, धुऊन, कडक वाळवून वेगळ्या भांड्यात मिक्सरला फिरवा. भाकरी थोडी भरड होईल, होऊ दे. त्याच्यासाठी तवा, पोळपाट आणि चाळणीही वेगळी ठेवा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, हे ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. भाजणीतही कुणीकुणी गहू घालतं, तेव्हा विकतची टाळा.

आणखी एक. सगळं काटेकोर पाळलं तरी टीटीजी पूर्ण उतरायला कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं. आकडा उतरतोय पण हळू, की एका जागी अडकलाय, हे डॉक्टरांनाच विचारा. त्या कागदावरून घरात चोर शोधू नका.

मात्र चपातीच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. "एक घास काय होतोय" हे इथे चालत नाही. हे अ‍ॅलर्जीसारखं नसतं. अंगावर पित्त उठत नाही, ओठ सुजत नाहीत, म्हणून तर आजीला वाटतं, दिली आणि काहीच झालं नाही. ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे, शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खरवडत असतं, आवाज न करता. त्यातून रक्त कमी राहतं, उंची अडते, हाडं ठिसूळ होतात. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन सलग तीन महिने पोटात गेलं तरी अस्तर बिघडू लागल्याचं दिसलं आहे. एका चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे चपातीचे पन्नास तुकडे केले, तर त्यातला एक. हे त्यांच्यासमोर चपाती घेऊन करून दाखवा. नखाएवढा तुकडा दिसला की भाषण करावं लागत नाही.

आणि "आमच्या वेळी नव्हतं" याचं उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे! त्यांच्या ताटात गहू होता कुठे? मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. चपाती व्हायची ती सणाला, नाहीतर पाहुणा आला की. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा याच आजाराची मुलं सुधारू लागली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावरचा संशय त्यातून पक्का झाला. सासूबाईंचं बालपण निम्मं तसंच गेलं, फक्त कुणी मोजलं नाही.

म्हणूनच मला वाटतं, त्या तुमच्याविरुद्ध चपाती देत नाहीत. ज्या पोरीला मिलोची लाल भाकरी गिळावी लागली, तिच्या हिशोबात नातवाला चपाती मिळणं म्हणजे घर वर आलं. तुम्ही ती हिसकावून घेता आणि नातवाला पुन्हा भाकरीवर बसवता. त्यांना ते औषधपाणी नाही, अपमान वाटतो.

त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याकडे काम द्या. पोराचं सकाळ-संध्याकाळचं जेवण त्यांच्या ताब्यात, भाकरी त्यांच्या हातची. तुमच्या पिढीला ती थापायला किती जमते, ते मला ठाऊक आहे, मलाही नाही जमत. एकादशीला त्या जे जे करतात, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, ते सगळं या मुलाला चालतं. गणपतीत उकडीचे मोदक चालतील, तळणीचे नाही. सत्यनारायणाचा शिरा वरीच्या तांदळाचा करा, देव रागावणार नाही, भटजींना मी बघते.

ही वाटणी मुलाच्या बाबांनी आईला सांगायची, तुम्ही नाही. "मुद्दाम करते का" म्हणून हात झटकणं सोपं असतं. पुढच्या तपासणीला त्यांनी आईला सोबत न्यावं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावं. धाकटं भावंड असेल तर त्याची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी करून घ्या. जवळच्या नात्यात हे निघण्याची शक्यता जास्त असते. तपासणी होईपर्यंत मात्र कुणीही गहू सोडायचा नाही, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

इतकं करूनही चोरून भरवणं सुरूच राहिलं, तर मला पुन्हा लिहा. मग बिऱ्हाडाचं बोलू.

आणि हो, त्या कणीक मळत असताना हा शेजारी बसून गोळ्याशी खेळतो का? सगळीच पोरं खेळतात, आणि हात तोंडात जातोच. त्याला तांदळाच्या उकडीचा गोळा द्या. थंड झाल्यावर, नाहीतर बोटं भाजतील.

तुमची,
ताई